शेत आणि ताट यांच्या मधलं बांधकाम : तग धरणारी स्थानिक अन्नव्यवस्था टप्प्याटप्प्याने कशी उभारायची

कोरोनाच्या साथीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये ब्रिटनमधल्या दुकानांतून पीठ गायब झालं. गहू संपला नव्हता आणि गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. पण तिथल्या एकूण पिठापैकी जेमतेम ४ टक्के पीठ घरगुती छोट्या पिशव्यांतून विकलं जायचं. बाकीचं टँकरने किंवा मोठ्या गोण्यांतून बेकऱ्यांकडे आणि कारखान्यांकडे जायचं. घराघरांतून एकदम मागणी आली तेव्हा छोट्या पिशव्या भरणारी यंत्रं पुरी पडेनात. त्याच दिवसांत काही देशांत हॉटेलं बंद झाल्यामुळे शेतकऱ्यांना दूध ओतून द्यावं लागलं. घाऊक ग्राहकासाठी उभी केलेली साखळी रातोरात घरगुती ग्राहकाकडे वळवता येत नव्हती.

स्थानिक अन्नाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा दोन टोकांबद्दलच बोलतो. एकीकडे शेतकरी, दुसरीकडे खाणारा. परसबागा, बियाणं-वाटप, आठवड्याचे बाजार हे सगळं हवंच. पण माल गोळा करणं, वाळवणं, निवडणं, थंड ठेवणं, दळणं, भरणं, पोचवणं आणि या सगळ्याचा हिशेब ठेवणं या मधल्या कामांची सोय नसेल, तर पिकलेलं अन्न शेजारच्या वस्तीपर्यंतही धड पोचत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातलं सुमारे १४ टक्के अन्न काढणीनंतर, किरकोळ दुकानात पोचण्याआधीच वाया जातं. हा लेख या मधल्या टप्प्याबद्दल आहे. माझं ठाम मत असं की या सोयी लहान असाव्यात, एकापेक्षा जास्त असाव्यात, गावातल्या माणसाला दुरुस्त करता येतील अशा असाव्यात आणि रोजच्या वापरातल्या असाव्यात. केवळ संकटासाठी बांधलेली सोय संकटाच्या दिवशी सहसा नादुरुस्तच निघते.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. अनेक गट सुरुवातच शीतगृहापासून करतात, कारण त्यासाठी अनुदान मिळतं आणि उद्घाटनही देखणं होतं. खाली दिलेला क्रम मुद्दाम वेगळा आहे. विजेशिवाय नासाडी थांबवणारी स्वस्त साधनं आधी, महागडी यंत्रं नंतर.

पहिली पायरी : एक हंगाम फक्त मोजा

आधी परिसर ठरवा. किती लोकांसाठी ही व्यवस्था आहे, हा आकडा कागदावर आला पाहिजे. मग परिसरात काय पिकतं, कधी पिकतं, किती पिकतं आणि ते कुठे जातं, याची महिन्यावार नोंद करा. सगळ्या पिकांच्या मागे लागू नका. चार-पाच महत्त्वाची पिकं निवडा आणि त्यांचं वजन तीन ठिकाणी करा : काढल्यावर, गोळा केल्यावर आणि विकल्यावर. या तीन आकड्यांतली तफावत म्हणजे तुमची नासाडी. ती कोणत्या टप्प्यावर होते हे कळल्याशिवाय एक वीटही रचू नये.

याच वेळी दोन याद्या करा. पहिली यादी रिकाम्या पडलेल्या सोयींची : वापरात नसलेली शेड, दुपारनंतर बंद असणारं शाळेचं स्वयंपाकघर, माल उतरवून रिकामी परतणारी गाडी. दुसरी यादी एकट्या दुव्यांची : ज्याला पर्याय नाही असा पूल, एकुलती एक गिरणी, कुलपाची किल्ली जवळ असलेला एकच माणूस. तग धरण्याचा प्रश्न या दुसऱ्या यादीतच दडलेला असतो.

आता साठ्याचं गणित. संकटकाळी वाटल्या जाणाऱ्या मदतीच्या शिध्यात माणशी दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ आणि २५ ग्रॅम तेल धरतात. यातून १,८०० किलोकॅलरीच्या आसपास मिळतात. याच प्रमाणाने १,००० लोकांना ३० दिवसांसाठी १२ टन धान्य, १.८ टन डाळ आणि ७५० किलो तेल लागेल. पोत्यांतल्या एक टन धान्याला साधारण १.६ घनमीटर जागा धरा. म्हणजे १२ टनांना १९ घनमीटर. थप्पी दीड मीटर उंच रचली तर १३ चौरस मीटर जागा लागते, आणि फिरायला वाटा सोडल्या तर २५. पाच मीटर लांब, पाच मीटर रुंद अशी एक कोरडी खोली. हजार माणसांचं महिन्याचं धान्य एवढ्या जागेत मावतं, हे सभेत फळ्यावर लिहून दाखवा. ‘हे आपल्या आवाक्यातलं नाही’ म्हणणारे बरेच जण तिथेच गप्प होतात.

दुसरी पायरी : भिंतींच्या आधी गिऱ्हाईक

इमारत उभी राहिली की माल आपोआप येईल, ही समजूत फार महागात पडते. आधी खात्रीचा खप शोधा. त्यासाठी सर्वांत चांगलं गिऱ्हाईक म्हणजे रोज ठरावीक ताटं वाढणारी स्वयंपाकघरं : शाळा, रुग्णालयं, वसतिगृहं, कारखान्यांची कँटीन. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंते शहराने १९९३ पासून हेच केलं. महापालिकेने अन्नपुरवठ्यासाठी वेगळा विभाग काढला, स्वस्त जेवणाची सार्वजनिक भोजनालयं चालवली आणि आसपासच्या शेतकऱ्यांना शहरात थेट विक्रीच्या जागा दिल्या. जपानमध्ये १९७० च्या दशकात रुजलेल्या ‘तेइकेई’ पद्धतीत कुटुंबांचे गट शेतकऱ्याशी थेट करार करतात आणि येईल तो माल स्वीकारतात. पीक कमी आलं तर ती झळ दोघं मिळून सोसतात.

करार छोटा असला तरी लेखी हवा. त्यात आठवड्याचं किमान वजन, प्रत, दर ठरवण्याची पद्धत, पैसे किती दिवसांत मिळणार आणि माल परत करायची अट एवढं आलं पाहिजे. एकाच मोठ्या संस्थेवर निम्म्याहून जास्त खप अवलंबून ठेवू नका, मग ती संस्था कितीही भरवशाची वाटो.

तिसरी पायरी : सावली, काटा आणि क्रेट

संकलन केंद्र म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर इमारत येते. सुरुवातीला लागतं ते एवढंच : वारा खेळता राहील असं छप्पर, धुता येईल अशी उताराची फरशी, पिण्यायोग्य पाणी, प्रतवारीसाठी कमरेच्या उंचीचं टेबल, तपासून घेतलेला वजनकाटा आणि एकावर एक रचता येणारे प्लॅस्टिकचे क्रेट.

या यादीत सावलीला पहिला मान का, ते सांगतो. काढलेली भाजी किंवा फळ जिवंतच असतं, ते श्वास घेत असतं. तापमान १० अंशांनी वाढलं की हा श्वासोच्छ्वास दुप्पट-तिप्पट होतो आणि त्याच वेगाने मालाचं आयुष्य आटतं. उन्हात पडलेल्या मालाचा गेलेला टिकाऊपणा नंतर कोणतंही शीतगृह परत देत नाही. म्हणून काढणी पहाटे करावी, माल लगेच सावलीत न्यावा आणि वर ओलसर, स्वच्छ कापड टाकावं. क्रेटचंही तसंच आहे. पोत्यात दाबून भरलेला टोमॅटो तळाशी फुटतो, आणि एक फुटलेलं फळ आजूबाजूची दहा नासवतं.

वजनकाटा सर्वांना दिसेल असा ठेवा आणि वजनाची पावती जागेवरच द्या. प्रत्येक खेपेला एक क्रमांक द्या : कोणाचा माल, कुठल्या शेतातला, कोणत्या दिवशी आला. पुढे कधी मालात दोष निघाला तर फक्त ती खेप मागे घेता येते, सगळा साठा फेकावा लागत नाही.

चौथी पायरी : कोरडी साठवण, जिथे खरी ताकद आहे

निधी मर्यादित असेल तर तो आधी इथे खर्च करावा, हा माझा आग्रह आहे. धान्य आणि डाळी नीट वाळवल्या तर विजेच्या एका युनिटाशिवाय वर्षभर टिकतात. इतकी भरवशाची दुसरी साठवण नाही.

सगळा खेळ ओलाव्याचा आहे. तृणधान्यांचा ओलावा १२ ते १३ टक्क्यांवर आणावा लागतो. तेलबियांचा त्याहून कमी, ७ ते ८ टक्क्यांच्या घरात. ओलावा मोजायचं यंत्र गटाकडे असावंच. ते नसेल तेव्हा मिठाची जुनी चाचणी कामी येते. काचेची एक स्वच्छ, पूर्ण कोरडी, झाकणाची बाटली घ्या. ती एक तृतीयांश धान्याने भरा. त्यात दोन-तीन चमचे कोरडं मीठ टाका. मीठ दमट असेल तर आधी तव्यावर भाजून गार करा. झाकण घट्ट लावून मिनिटभर हलवा आणि बाटली पंधरा मिनिटं तशीच ठेवा. मीठ काचेला आतून चिकटलेलं दिसलं तर धान्यात १५ टक्क्यांहून जास्त ओलावा आहे, ते पुन्हा वाळत घाला. मीठ सुटं राहिलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या खाली आहे. मात्र १५ म्हणजे १२ नव्हे. दीर्घ साठवणीआधी यंत्राने खात्री करून घ्याच. ओलसर धान्यावर वाढणाऱ्या काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात आणि ते शिजवल्यानेही जात नाही.

वाळवण जमिनीवर थेट घालू नका. ताडपत्री किंवा उंच मांडव वापरा, थर पातळ ठेवा, दिवसातून चार-पाच वेळा हलवा, संध्याकाळी झाकून घ्या. वाळलेलं धान्य पूर्ण थंड झाल्याशिवाय पोत्यात भरायचं नाही. गरम भरलं तर आत घाम धरतो.

किडींसाठी विषारी गोळ्यांची सवय लावण्याआधी हवाबंद पिशव्यांचा विचार करा. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमधल्या चवळी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांसोबत ही पद्धत विकसित केली. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. धान्य भरून हवा दाबून काढायची आणि प्रत्येक पिशवीचं तोंड वेगळं, पीळ देऊन घट्ट बांधायचं. आतले किडे उरलेला प्राणवायू वापरून टाकतात, मग त्यांचं खाणं आणि वाढ थांबते आणि ते मरतात. अट एकच, धान्य कोरडं हवं. पिशवी सारखी उघडायची नाही. रोजच्या वापराचं धान्य वेगळं ठेवा.

गोदामाचे काही नियम मोडू नयेत असे आहेत. पोती लाकडी चौकटींवर, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर. भिंतीपासून माणूस फिरू शकेल एवढी जागा सुटी. मोठा उंदीर १२ मिलिमीटरच्या फटीतून आणि चिचुंद्रीपेक्षाही लहान घरउंदीर ६ मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणून जाळीची भोकं त्याहून बारीक हवीत. दाराखालची फट सगळेच विसरतात, तिथे पत्रा मारा. आधी आलेला माल आधी बाहेर काढायचा. संकटासाठीचा साठाही असाच फिरता ठेवायचा : नवं पीक आलं की जुनं रोजच्या स्वयंपाकघरांना द्यायचं आणि जागा नव्याने भरायची. असा साठा कधी शिळा होत नाही आणि त्यावरचा खर्चही अंगावर येत नाही.

पाचवी पायरी : थंडावा, गरजेपुरताच

हवा कोरडी असेल तर आधी बाष्पीभवनाने मिळणारा थंडावा वापरून पाहा. विटांच्या दोन भिंती, मध्ये साधारण साडेसात सेंटिमीटरची पोकळी, तिच्यात वाळू आणि वाळूला रोज पाणी. भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झालेल्या या कक्षात कडक उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश कमी तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मिळते. उत्तर नायजेरियात मोहम्मद बाह अब्बा यांनी हेच तत्त्व एकात एक ठेवलेल्या दोन मातीच्या भांड्यांत वापरून घरोघरी पोचवलं. दमट हवेत मात्र या पद्धतीचा उपयोग जवळपास शून्य. तिथे यावर वेळ घालवू नका.

यंत्राची शीतखोली घ्यायची तर आकार अंदाजाने ठरवू नका. समजा रोज एक टन भाजी ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायची आहे. भाजीत बहुतांश पाणीच असतं, त्यामुळे किलोमागे प्रत्येक अंशाला सुमारे ३.९ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १००० × २५ × ३.९ म्हणजे ९७,५०० किलोज्यूल, म्हणजेच २७ युनिट उष्णता (एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल). ती १२ तासांत काढायची तर यंत्राची थंड करण्याची क्षमता किमान सव्वादोन किलोवॅट हवी. भिंतींतून, उघड्या दारातून आणि खुद्द मालातून येणारी उष्णता धरून ती साडेतीन ते चार किलोवॅट घ्यावी. आता गंमत पाहा : तोच माल पहाटे काढून सावलीतून २० अंशांवर आणला तर २७ ऐवजी १६ युनिटच उष्णता काढावी लागते. तिसऱ्या पायरीतली सावली इथे वीजबिलात दिसते.

सगळा माल एकाच खोलीत कोंबणं हा नेहमीचा घोटाळा. पालेभाज्या, कोबी, गाजर ० ते २ अंशांवर आणि भरपूर आर्द्रतेत उत्तम राहतात. केळी आणि कच्चा टोमॅटो १२-१३ अंशांच्या खाली गेले की त्यांना थंडी बाधते : केळ्याची साल काळवंडते, टोमॅटो पिकतच नाही. काकडीलाही १० अंशांखाली त्रास होतो. शिवाय पिकणारी केळी, सफरचंदं, टोमॅटो इथिलीन वायू सोडतात आणि शेजारची पालेभाजी पिवळी पडते. म्हणून एक मोठी खोली घेण्यापेक्षा दोन लहान खोल्या घ्या, तापमानं वेगळी ठेवा. एक यंत्र बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं, हा फायदा वेगळाच.

वीज जाणारच, असं धरून चाला. जाड उष्णतारोधक भिंती आणि दाराला प्लॅस्टिकचे पडदे हा सर्वांत स्वस्त बॅकअप. त्यानंतर बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता घेतो, म्हणजे १०० किलो बर्फात ९ युनिटांहून अधिक थंडावा साठवलेला असतो. सौर पॅनेल असतील तर दुपारच्या जादा विजेवर फ्रीजरमध्ये बर्फ गोठवून ठेवता येतो. बॅटऱ्यांपेक्षा हे सोपं आणि टिकाऊ आहे.

सहावी पायरी : प्रक्रिया आणि बियाणं

प्रक्रियेची सुरुवात साफसफाई, दळण आणि छोट्या पॅकिंगपासून करा. ब्रिटनमध्ये अडलं ते याच टप्प्यावर. वेगवेगळ्या आकाराच्या पिशव्या भरता येतील असं साधं यंत्र आणि सहा महिने पुरेल एवढं पॅकिंगचं सामान हाताशी ठेवा. नंतर सामायिक स्वयंपाकघराचा विचार करा. तिथे एक रेषा कधीही ओलांडू नका : ज्या पदार्थाचा पीएच ४.६ हून जास्त आहे, म्हणजे ज्यात आंबटपणा कमी आहे, तो बाटलीत किंवा डब्यात हवाबंद करून बाहेर ठेवायचा असेल तर नुसतं उकळणं पुरत नाही. बोटुलिझम ही जीवघेणी अन्नविषबाधा करणाऱ्या जिवाणूंचे बीजाणू उकळत्या पाण्यातही जगतात, त्यासाठी दाबाखाली १२१ अंशांची प्रक्रिया लागते. ती सोय नसेल तर आंबट पदार्थ, वाळवलेले पदार्थ आणि गोठवलेले पदार्थ यांवरच थांबा.

बियाण्यासाठी स्वतंत्र कपाट पुरतं. बियाण्याचा ओलावा एका टक्क्याने कमी झाला की त्याचं साठवणुकीतलं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि तापमान ५ अंशांनी उतरलं तरी तेवढंच. वाळवताना बी ४० अंशांपेक्षा जास्त तापू देऊ नका. प्रत्येक वाण दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि दर वर्षी शंभर बिया भिजवून किती उगवतात ते मोजा.

सातवी पायरी : वाहतूक

नवी गाडी घेण्याआधी पहिल्या पायरीतली रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांची यादी काढा. फेऱ्यांचे दिवस आणि थांबे ठरलेले असले की निम्मं काम होतं. जवळच्या अंतरासाठी मालवाहू सायकली आणि तीनचाकी ठेवा. इंधन संपलं किंवा रस्ता खचला तर त्याच चालतात.

आठवी पायरी : मालकी आणि हिशेब

चांगल्या सोयी बंद पडलेल्या दिसतात तेव्हा कारण क्वचितच तांत्रिक असतं. दुरुस्तीचा पैसा कोणी बाजूला ठेवलेला नसतो आणि निर्णय कोणी घ्यायचा हे ठरलेलं नसतं.

१८४४ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी सहकारी दुकान काढलं तेव्हा नियम साधे होते : प्रत्येक सभासदाला एकच मत, नफ्याची वाटणी खरेदीच्या प्रमाणात, माल निर्भेळ आणि वजन खरं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना सामायिक साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनावरच्या कामासाठी २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्या अभ्यासातून दिसलं की जिथे वापरणारे कोण हे स्पष्ट असतं, नियम तेच बनवतात, देखरेख त्यांचीच असते, चुकीला आधी सौम्य आणि मग वाढती शिक्षा असते आणि तंटा जवळच मिटतो, तिथे सामायिक गोष्टी पिढ्यानपिढ्या टिकतात. तुमच्या नियमावलीत या पाचही गोष्टींची उत्तरं सापडली पाहिजेत.

सेवेचा दर असा काढा : वर्षाची वीज, मजुरी, दुरुस्ती आणि यंत्राची किंमत भागिले त्याचं आयुष्य, या सगळ्यांची बेरीज. तिला वर्षात हाताळलेल्या किलोंनी भागा. खोली वर्षातून सहाच महिने आणि तीही अर्धीच भरत असेल, तर किलोमागचा दर पूर्ण वापराच्या चौपटीच्या जवळ जातो. हा आकडा बांधकामाआधी काढा. अनुदानातून मिळालेल्या यंत्राचाही घसारा, म्हणजे किंमत भागिले आयुष्य हा वाटा, धरा, कारण दुसरं यंत्र अनुदानातून मिळेलच असं नाही. घसाऱ्याची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि ते खातं सर्वसाधारण सभेच्या ठरावाशिवाय उघडायचं नाही, असं नियमावलीतच लिहा.

नववी पायरी : मुद्दाम बंद पाडून पाहा

वर्षातून दोनदा, आधी दिवस जाहीर करून, एकेक दुवा बंद ठेवा. कधी मुख्य वीज दिवसभर बंद. कधी नेहमीचा रस्ता बंद धरून पर्यायी वाटेने माल पोचवा. कधी व्यवस्थापकाला सुट्टी द्या, फोनही बंद, आणि बाकीच्यांनी केंद्र चालवायचं. खोलीचं तापमान दर तासाला लिहा, किती ताटांपर्यंत अन्न पोचलं ते मोजा, कुठली किल्ली, कुठला पट्टा, कुठला पासवर्ड एकाच माणसाकडे निघाला ते टिपा. त्याच आठवड्यात बैठक घेऊन सापडलेल्या उणिवांतली सर्वांत स्वस्त उणीव लगेच दूर करा आणि सर्वांत धोकादायक उणिवेला पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात पहिली ओळ द्या. सुटे भाग, म्हणजे पंख्याचा पट्टा, फ्यूज, दाराचं रबर, गिरणीची चाळण, प्रत्येकी दोन आणून गोदामातल्याच कपाटात ठेवा, आणि त्यांची यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.